भिलाईतल्या एका बॅटरीची चौकशी

भिलाईला कुणी हवापालटाला जात नाही. जाणारे नोकरीला जातात, नाहीतर पाहुण्यारावळ्यांकडे कार्याला. मी गेले ती एका लॅपटॉपची बॅटरी खरंच संपते का, ते बघायला. हसू नका. ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्यांना हे कारण अगदी पुरेसं वाटेल.

माझं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा. त्यामुळे छापून झालेल्या, बांधून ठेवलेल्या आणि मग न नेलेल्या पत्रिका मी इतक्या पाहिल्यात की कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मुलगा परदेशात म्हणून सांगतात आणि तो निघतो पनवेलला, तेही भाड्याच्या खोलीत. आम्ही बौद्ध, आमच्यात कुंडली बघत नाहीत. कुंडली बघायची नाही म्हटल्यावर माणसंच बारकाईनं बघावी लागतात, आणि आमच्या घरात ते खातं माझ्याकडे. आमच्या मिस्टरांना दारावर आलेला प्रत्येक माणूस सज्जन वाटतो.

प्रज्ञासाठी याआधी दोन स्थळं आली होती. दोन्ही मी मोडली. एका ठिकाणी पगाराचा विषय निघाला की मुलगा आईकडे आणि आई भिंतीकडे बघायची. दुसऱ्या घरात मोठी सून चहा घेऊन आली, पण तिच्याशी घरातलं कुणी एक शब्द बोललं नाही. मी मिस्टरांना खूण केली आणि चहा संपवून आम्ही उठलो. प्रज्ञा दोन्ही वेळा काही बोलली नाही. पोरगी समंजस आहे, आईचं ऐकते, असं मी चारचौघांत सांगायचे.

तिसरं स्थळ भिलाईचं. निखिल मेश्राम. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील स्टील प्लांटातून रिटायर झालेले, मुलगा हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करणारा. स्थळ सुचवलं माझ्या मावसबहिणीनं, नंदानं. ती लग्न झाल्यापासून भिलाईला आहे. फोटो झाले, फोन झाले, मिस्टरांनी तर स्थळ फारच मनावर घेतलं, मग मुलगा-मुलगी संध्याकाळी व्हिडिओवर बोलायला लागले. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

प्रज्ञा खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि वीसेक मिनिटांत बाहेर यायची.

"झालं एवढ्यात?"

"त्याच्या लॅपटॉपची बॅटरी गेली."

एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे. रोज? कॉम्प्युटरवर पोट असणाऱ्या माणसाचा लॅपटॉप रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मान टाकतो, हे मला पटेना. मी स्वतः दिवसभर लॅपटॉपवर बसते. बॅटरी संपली तर माणूस चार्जर लावतो. चार्जर नसेल तर मोबाईल असतो. हा दोन्ही करत नाही, म्हणजे त्या वेळी त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन बसत असणार. नाहीतर नोकरीच नसेल आणि लॅपटॉप मित्राचा मागून आणलेला असेल. मिस्टर म्हणाले, "अगं, बॅटरी खराब असेल." हे उत्तर त्यांनी द्यावं यात मला काही नवल वाटलं नाही.

शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "तू एकदा जाऊनच ये ना आई. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तुला काही खटकलं तर सरळ नाही म्हणून ये."

"आणि नाही खटकलं तर?"

"तुला?" ती म्हणाली आणि हसली.

दुर्ग

मे महिन्यात नागपूरच्या पलीकडे रेल्वेनं जाऊ नये, हा या प्रवासातला पहिला सल्ला. दुसरा असा की डब्यातल्या चार्जिंगच्या पॉईंटवर भरवसा ठेवू नये. तो पॉईंट माझ्या समोरच्या बाकाशी होता, आणि तिथं बसलेल्या गृहस्थांनी माझा चार्जर गोंदियाच्या अलीकडे लंपास केला असं मला वाटलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला अर्धा पेरू दिला, तो मी घेतला नाही. दुर्गला उतरताना शाल झटकली तर चार्जर शालीतून पडला. पेरूवाले गृहस्थ तोवर माझी बॅग खाली उतरवून देत होते. मी आभार मानले, पण बॅगची चेन तपासूनच पुढे निघाले.

नंदा स्टेशनवर स्कूटी घेऊन आली होती. तोंडाला ओढणी, हातांत मोजे, फक्त डोळे दिसत होते. मी तिला आवाजावरून ओळखलं.

"लय गरम होऊन राहिलं ना? चाल, बस मांगं. अजून तर नवतपा लागाचा आहे."

नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे दिवस. आमच्याकडे मेअखेर वळवाची वाट बघतात, इथं भाजून निघायची वाट बघतात. कराडची पोरगी कराडची मराठी विसरून इतकी तिकडची कशी झाली याचा मी रस्ताभर विचार करत होते. मध्येच ती सिग्नलवर रिक्षावाल्याशी छत्तीसगढीत भांडली आणि पुन्हा माझ्याशी मराठीत बोलायला लागली. लांबवर प्लांटच्या चिमण्या दिसत होत्या. कितीही वळणं घेतली तरी त्या दिसतच होत्या.

खुर्सीपार

नंदाचं घर खुर्सीपारला. दाट वस्ती, दुकानावर दुकान, सायकली, कूलरांचा घरघराट, आणि कपडे वाळत घातले तर त्यांच्यावर बसणारी बारीक लालसर धूळ. नंदाचे मिस्टर ठेकेदाराकडे प्लांटातच कामाला, ते ड्यूटीवर गेले होते.

दुपारी तिनं माझ्यापुढे वाडगा ठेवला. पाण्यात भिजलेला भात, वर कांदा, मीठ, हिरवी मिरची, बाजूला लाल भाजीचं वाळकं काहीतरी.

"हे काय?"

"बासी."

"शिळा भात?" मी विचारलं. इतक्या लांबून आलेल्या बहिणीला शिळा भात? आमच्याकडे पाहुण्याला शिळं वाढलं तर पुढची दहा वर्षं त्यावर बोलतात. मला वाटलं, तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाला मी आले नव्हते, त्याचा जुना राग असेल.

"अवं, रात्री भिजवून ठेवते, सकाळी खाते. इकडे सगळेच खातेत. उन नाई लागत त्यानं. खाऊन तर पाह."

खाल्ला. पोटात जे थंड झालं ते दुर्गपासून पहिल्यांदा. दुसरा वाडगा मागितला तेव्हा नंदा हसली.

मग मी विषय काढला. मेश्राम कसे, मुलगा काय करतो, कुठं जातो, कुणाबरोबर दिसतो. नंदानं कांदा चिरता चिरता सगळं सांगितलं. बाप ब्लास्ट फर्नेसवर होता, साधा माणूस. माय शिवणकाम करते. रिसालीत घर बांधलं. पोट्टा शांत.

"संध्याकाळी कुठं असतो?"

"घरीच. गच्चीवर बसून राह्यते म्हणे लॅपटॉप घेऊन."

"गच्चीवर? का?"

"आता मले काय माहीत? हवा घेत असन."

"घरात पंखा, कूलर सोडून गच्चीवर?"

नंदानं विळी बाजूला ठेवली. "तू कावून इतका शक करून राहिली त्या पोट्ट्यावर? त्यानं तुझं काय वाकडं केलं?"

गच्ची माझ्या डोक्यात पक्की बसली. शेजारच्या गच्चीवर कोण राहतं तेही मी विचारलं. ते मात्र नंदाला माहीत नव्हतं.

रिसाली

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही रिसालीला निघालो. वाटेत सेक्टरचे रस्ते लागले. रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, एकसारखी क्वार्टर्स. असे रस्ते कराडला असते तर दोन्ही बाजूंना वडापावच्या गाड्या लागल्या असत्या. मग रिसाली आली आणि झाडं कमी होऊन घरं वाढली, प्रत्येकाचा रंग वेगळा.

मेश्रामबाबा फाटकातच उभे होते. उंच, सडपातळ, कपाळावर आणि हातांवर भाजल्याचे जुने बारीक डाग. "जयभीम, ताई. या ना जी, आत या. उन्हात कावून उभे?" त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या माठातलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, एक टीव्ही, आणि कोपऱ्यात छोट्या टेबलावर मी जिच्यासाठी आले होते ती वस्तू.

लॅपटॉपवर पांघरूण होतं. कापूस भरून शिवलेलं, निळ्या फुलांचं, मापात बसणारं. पांघरुणाखालून चार्जरची वायर भिंतीतल्या प्लगला गेली होती आणि प्लगचं बटण चालू होतं. टेबलाच्या पलीकडच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर पडत होतं.

निखिल आला, पाया पडला. गोरटेला, चष्मा, बोलताना अर्धी हिंदी. "नमस्ते मावशी. मतलब, सफर ठीक झाला ना?" त्याच्या तोंडावर काही लपवल्यासारखं दिसतं का ते मी बघत होते. घाम दिसत होता, पण मे महिन्यात तो कुणाच्याही तोंडावर असतो.

आलुपोह्यांवर भरपूर शेव होती. ती खाता खाता मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काम इथंच करता वाटतं?"

"हो. दिवसभर इथेच."

"आणि हे पांघरूण?"

मेश्रामबाबा पुढे सरकले. हा विषय त्यांचाच होता. "ते माझ्या घरवालीनं शिवलं. धूळ बसते ना जी प्लांटाची. निखिल झोपला का मी प्लग पाहातो, वरतून हे झाकतो. लॅपटॉप बंद नाई करू देत. चार्जर नाई काढू देत."

"कधीच?"

"संध्याकाळी गच्चीवर नेते तेवढं सोडलं तर कधीच नाई. भट्टी एकदा पेटवली का थंड नाई होऊ द्याची ताई. थंड झाली का आतला माल गोठते, मंग फोडून काढा लागते. माझी सारी नोकरी त्याच्यातच गेली. दिवाळी असो का कोणाचं मरण, भट्टी चालू. म्या घरातबी तेच ठेवलं. फ्रिज, इन्व्हर्टर, याचा हा लॅपटॉप. काहीच थंड नाई."

हे ऐकून मी बशी खाली ठेवली. माझ्या दुकानात येणारा एकही माणूस असं करत नाही. लोक चार्जर विसरतात, वायर तोडतात, लॅपटॉपवर चहा सांडतात. पण भट्टीसारखा अखंड पेटता ठेवणारा मला रिसालीतच भेटला. तरीही मी ते लगेच मान्य केलं नाही. बाप-लेकांनी मिळून रचलेली गोष्ट असू शकते. पाहुणी येणार हे त्यांना आठवडाभर आधी माहीत होतं.

"बघू का जरा?" मी म्हटलं आणि उठले. नंदानं माझा पदर ओढला, मी सोडवून घेतला.

पांघरूण काढलं तर लॅपटॉपचं अंग तापलेलं होतं. टेबलावर तो सपाट बसत नव्हता, एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. हात ठेवायच्या जागेखाली फुगवटा आला होता आणि बोट फिरवायची पट्टी दाबली तरी दबेना. हे नाटक करून दाखवता येत नाही. बॅटरी आतून सुजली होती. लॅपटॉपलाच विचारलं तर तो आपल्या बॅटरीची हकिगत सांगतो, नवी असताना केवढी होती आणि आता केवढी उरली. तेही मी काढून बघितलं. पाव भागसुद्धा शिल्लक नव्हता.

"आता याला असाच दाबू नका, टोचू नका, आणि आजपासून चार्जिंगला लावून झोपू नका," मी म्हटलं. "सुजलेली बॅटरी पेट घेऊ शकते."

मेश्रामबाबा माझ्याकडे बघत राहिले. "पण चोवीस तास भरली ठेवली ना जी म्या."

"म्हणूनच. बॅटरीला गळ्यापर्यंत भरून ठेवलेलं सोसत नाही. त्यात उष्णता, त्यात वरून गोधडी. माणसाला रोज पंगतीत आकंठ जेवायला घालून उन्हात पांघरूण घालून निजवलं तर तो किती दिवस टिकेल?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "म्हणजे म्याच मारली म्हणा."

त्यांच्या बायकोनं ते निळं पांघरूण उचललं, घडी घातली आणि आत नेलं. मला एकदम वाईट वाटलं. रिटायर झाल्यावरही हा माणूस रोज रात्री एका भट्टीची ड्यूटी करत होता, आणि मी येऊन ती बंद पाडली.

पण गच्चीचा उलगडा अजून व्हायचा होता. तेवढ्यासाठी मी थांबले.

गच्ची

ऊन उतरल्यावर मी म्हटलं, "निखिल, तू प्रज्ञाशी बोलतोस ती जागा दाखव." तो लाजला, पण घेऊन गेला. लॅपटॉप मी सोबत घ्यायला लावला. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक प्लास्टिकची खुर्ची, समोर एक विटांचा ढीग, त्यावर लॅपटॉप. शेजारच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ पापड गोळा करत होते. दुसरीकडे कुणीच नव्हतं. आकाश एका बाजूला तांबूस झालं होतं. मी म्हटलं, सूर्य तर इकडे बुडाला. तेव्हा निखिल म्हणाला की तो प्लांटातल्या भट्टीतून निघणाऱ्या तापलेल्या मळीचा, म्हणजे स्लॅगचा उजेड, ती ओतली की आभाळ असंच लाल होतं. नवीन माणूस घाबरतो, इथले लोक वर बघतसुद्धा नाहीत.

"खाली का नाही बोलत?"

"खाली बाबा टीव्ही पाहतात, आई मशीनवर राहते. दोघंही आवाज कमी करतात मग. मतलब, ऐकत नाहीत, पण चुप बसून राहतात. मला बोलताच नाही येत."

"मग एक्स्टेंशनची वायर वर आणायची."

"आणली होती एकदा. बाबा दर पाच मिनिटांनी वर येत. वायर गरम झाली का पाहाले."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. लॅपटॉपनं आधी भरपूर चार्जिंग दाखवलं, मग थोड्या वेळात निम्मं, आणि निम्म्यावरून एकदम काळोख. ना सूचना, ना काही. मी घड्याळ बघितलं. प्रज्ञा सांगायची तेवढाच वेळ. पोरगा खरं बोलत होता. गेले दोन महिने मी ज्या माणसावर डोळे वटारून होते तो विटांच्या ढिगाऱ्यापुढे बसून खरं बोलत होता.

"मग मोबाईलवर का नाही करत?"

"मी म्हणतो ना. रोज म्हणतो, मोबाईलवर बोलू. पण ती म्हणते राहू द्या, दिवसभर काम करून थकले असाल, उद्या बोलू." तो हसला. "बहुत समजदार आहे ती. माझंच बोलणं जास्त होतं, ती शांतपणे ऐकते."

हे मी कौतुकानं ऐकलं. घरी ती माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही.

"मावशी," त्यानं चष्मा पुसत विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलते का ती?"

"वीस मिनिटांत बोलण्यासारखं काय होणार?" मी म्हटलं. "आधी तुझी बॅटरी बदलू."

पॉवर हाउसचा बाजार

पॉवर हाउस हा भिलाईतला मोठ्या बाजाराचा भाग. दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलायला निखिल तिथं एकटा जाणार होता. मी त्याला एकटं सोडणं शक्यच नव्हतं; नंदालाही सोबत घेतलं. नकली माल नव्या खोक्यात घालून देणारे कराडलाही आहेत, तर इतक्या मोठ्या बाजारात का नसतील?

दुकान अरुंद, आतमध्ये एसी. दुकानदारानं खोकं पुढे केलं. मी ते उलटसुलट करून बघितलं, सील बघितलं, कधी बनली ते बघितलं, लॅपटॉपच्या मॉडेलशी जुळवलं. मग म्हटलं, "हमारे सामने बदलो." त्यानं बदलायला घेतलं. त्याचा हात आत जाताना मी वाकून बघत होते, म्हणून त्याला उजेड मिळत नव्हता.

"मॅडम, थोडा पीछे."

"क्यों?"

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आप ही कर लो फिर."

निखिलनं माफी मागितली, नंदानं माझ्यासाठी बाहेरून लिंबूपाणी आणलं आणि दोघांनी मला दाराशी बसवलं. तिथून दिसत होतं तेवढं मी बघितलंच. जुनी बॅटरी बाहेर आली ती पोळीसारखी फुगलेली. दुकानदारानं ती वेगळ्या डब्यात ठेवली, कचऱ्यात टाकली नाही. तेवढं मला आवडलं, पण मी तसं बोलले नाही.

रिसालीला त्यांच्या घरी परत येऊन मी निखिलला सगळं लावून दिलं. चार्जिंग ऐंशीच्या वर जाऊ नये ही सोय लॅपटॉपमध्येच असते, ती चालू केली. स्क्रीनचा उजेड कमी केला. मागं उगाच चालणाऱ्या गोष्टी बंद केल्या. टेबल खिडकीपासून हलवून भिंतीकडे घेतलं, खाली हवा जायला जागा ठेवली. वीस-पंचवीसपर्यंत उतरला की लावायचा, ऐंशीला काढायचा, झोपताना पूर्ण बंद. मेश्रामबाबा मागं हात बांधून प्रत्येक गोष्ट बघत होते.

"म्हणजे हिले थंड होऊ द्याची," ते म्हणाले.

"होऊ द्यायची."

"काई गोठत नाई?"

"काही गोठत नाही."

त्यांनी स्वतः जाऊन प्लगचं बटण बंद केलं. बोट थोडा वेळ बटणावरच होतं. मग त्यांनी ते काढलं आणि आमच्यात येऊन बसले. त्या संध्याकाळी प्रज्ञाला कुठलंसं काम होतं, त्यामुळे निखिलनं लॅपटॉप नुसताच चालू ठेवला. आमचं वडाभात आणि कढीचं जेवण झालं, त्यावर गप्पा झाल्या, तरी तो चालू. मेश्रामबाबा मधून मधून उठून बघून येत आणि बायकोला सांगत, "अजून आहे."

मी घर बघितलं, माणसं बघितली. निखिलची आई नंदाला वाढताना आधी विचारायची, मग वाढायची. बाप लेकाला मध्येच तोडत नव्हता, त्याचं ऐकत होता. मी शोधून शोधून थकले, खोट निघाली ती फक्त बॅटरीत, आणि ती काढून टाकली होती. निघताना मी मेश्रामबाबांच्या हातात पेढा ठेवला. "आमच्याकडून होय समजा," म्हटलं. मेश्रामबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आयुष्यात एवढ्या पटकन मी कुणाला होय म्हटलेलं नव्हतं, आणि नंदानं ते परतताना स्कूटीवर मला दोनदा ऐकवलं.

कराड

मी घरी आले, मिस्टरांनी माझ्या हातून पेढा खाल्ला. प्रज्ञानंही खाल्ला. "तुला काहीच नाही खटकलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही, उलट बॅटरी बदलून आलेय, आता बोला निवांत. ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी ती खोलीत गेली. मी बाहेर भाजी निवडत बसले. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आतून निखिलचा आवाज येत होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. भाजी निवडून झाली, कुकर झाला, पोळ्या झाल्या. निखिलचाच आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी प्रज्ञा बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली.

"काय गं, बॅटरी नीट चालते ना?"

"चालते. संपतच नाही." मग ती रडायला लागली. "वीस मिनिटं मी कशीबशी काढायचे, आई. ती बॅटरी गेली की सुटल्यासारखं व्हायचं. चांगला आहे तो. वाईट काहीच नाही. पण मला नाही बोलावंसं वाटत त्याच्याशी. मला नाही करायचं हे लग्न."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी किती मनावर घेतलं होतं. आणि तुला सगळ्यांच्यात काहीतरी सापडतंच ना. म्हणून तर तुला पाठवलं होतं."

माझ्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. पोळी करपली. जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला, घरातली पोरगी तेवढी सुटली. मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. रागावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सकाळी भिलाईला फोन मीच लावला. मिस्टर करतो म्हणाले, पण होय मी म्हटलं होतं. मेश्रामबाबांनी उचलला. त्यांनी आधी सांगितलं की लॅपटॉप मस्त चालतो, ते रोज ऐंशीला चार्जर काढतात. मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. पलीकडे मागं शिलाई मशीन चालू होती, ती थांबली.

"घर बरोबर नाई वाटलं का जी?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही हो. घर चांगलं आहे."

"मंग निखिलचं काही?"

"त्याचंही काही नाही."

"मंग आमचं कुठं चुकलं ताई?" ते म्हणाले. "बॅटरी तर बदलली ना आमी."